उष्णतेचा ताळेबंद

डिसेंबर लागला की वर्तमानपत्रातल्या तापमानाच्या तक्त्यात निफाडच्या जोडीला नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, नाव हटकून दिसतं. तिथून सोळा-सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार. रात्री डोंगरउतारावरची हवा गार होते, जड होते आणि खाली येऊन गावात साचते. अशा पहाटे जुनी फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन सुरू करून हीटरचा लाल दांडा ओढला, तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. काहीच येत नाही, किंवा जळक्या तेलाचा वास येतो. गाडी बिचारी पन्नास वर्षांची असते, पण दोष केवळ वयाचा नसतो.

या गाडीचं इंजिन मागे असतं आणि ते हवेवर थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. नगरकरांना हा प्रकार नवा नाही. कायनेटिकची पन्नास सीसीची लूना १९७२ साली इथूनच आली. ते साल दुष्काळाचं. विहिरींनी तळ गाठला असताना पाण्याचा थेंबही न मागणारं इंजिन बाजारात यावं, हा योगायोगच. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन उभा आहे, त्याचं बारा सिलिंडरचं इंजिनही हवेवरच थंड होतं. लूना काय नि पॅटन काय, सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्यांची चवड दोन्हीकडे दिसते. पट्ट्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि हवेला उष्णता उचलायला जागा मिळते. लूनाला धावतानाचा वारा पुरे. रिक्षाचं किंवा व्हॅनचं इंजिन मागे कोंडलेलं असतं, म्हणून तिथे पंखा आणि त्याभोवती पत्र्याचं आवरण लागतं.

पाण्यावरच्या गाडीत हीटर म्हणजे फुकटचा सौदा. इंजिनाभोवती ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी खेळतच असतं, त्यातलं थोडं डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवलं की झालं. हवेवरच्या इंजिनात असा उष्णतेचा साठाच नसतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जितकी उष्णता पोटात घेतं, तितकी घ्यायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते.

मग उष्णता जाते कुठे? हिवरे बाजारात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, मुरला किती, विहिरींत उरलं किती. त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या वर्षांत गावाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास. फरक पडला तो वाहून जाणारं अडवल्याने. इंजिनाचाही असा ताळेबंद मांडता येतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो. उरलेली उष्णता सिलिंडर आणि तेलावरून हवेत जाते. गाडी पंधरा किलोवॅटचं काम करत असेल, तर धुरातून त्याहून जास्तच उष्णता मागच्या मागे वाहून जाते. घरातला खोली तापवणारा हीटर दोन किलोवॅटचा असतो, त्यावरून अंदाज यावा.

फोक्सवॅगनच्या अभियंत्यांनी हीच वाहती उष्णता अडवली. सुरुवातीच्या गाड्यांत सिलिंडरवरून आलेली हवाच आत सोडत. इंजिनाला तेलाची गळती असली की तो वास थेट नाकात! १९६३ च्या सुमारास रचना बदलली. पंख्याची ताजी हवा वेगळ्या नळ्यांतून दोन पेट्यांकडे वळवली. प्रत्येक पेटीच्या पोटातून धुराची नळी जाते, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि भोवती पत्र्याचं कवच. आत कित्येकशे अंशांचा धूर, बाहेरून पंख्याची हवा आणि मधे फक्त धातू. तापलेली हवा झडपेतून, गाडीच्या पोटाखालच्या लांब नळीतून पुढच्या काचेपर्यंत येते. पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असल्याने माळशेजचा चढ चढताना हीटर झकास चालतो आणि सिग्नलला उभं राहिलं की मरगळतो.

दुरुस्तीची सुरुवात या लांब वाटेवरूनच करावी. हीटर चालत नाही म्हटलं की लोक थेट पेट्या बदलायला निघतात. खरं तर आधी कागद-ॲल्युमिनियमच्या लवचिक नळ्या पाहाव्यात. त्या फाटलेल्या असतात, क्लिपा गायब असतात, कधी मधला तुकडाच नसतो. पोटाखालची नळी उघडी पडली असेल, तर मागे तापलेली हवा पुढे येईपर्यंत कोमट होते. तिला उष्णतारोधक वेष्टण हवंच. त्यानंतर केबल. दांडा हलतो पण झडप हलत नाही, कारण झडपेचा खिळा गंजून बसलेला असतो. डिझेल सोडून, हलक्या हाताने मागेपुढे करत तो मोकळा करावा. जोर लावला तर केबल तुटते आणि काम दुप्पट होतं.

पेटी काढायचीच झाली तर खरी परीक्षा नटांची. धुराची नळी ॲल्युमिनियमच्या हेडला स्टडने जोडलेली असते. शेकडो वेळा तापून-निवून नट असे बसतात की पाना फिरवल्यावर नटाऐवजी स्टडच मोडतो. जाणता मिस्त्री आदल्या दिवशी तेल सोडून ठेवतो, नट तापवतो आणि सोडताना थोडं सोडून परत थोडं आवळतो. परत बसवताना तांब्याचा मुलामा असलेले नट वापरावेत, ते गंजून धरत नाहीत. गॅस्केट नवंच. इथे काटकसर नको.

कारण या पेटीत धूर आणि आपला श्वास यांच्यात पत्र्याएवढंच अंतर असतं. बाहेरच्या कवचाला भोक पडलं तर ऊब कमी होते, एवढंच. आतली नळी गंजून फुटली तर तिच्यातला दाब धुराला थेट हीटरच्या हवेत ढकलतो. जुन्या कार्ब्युरेटर इंजिनाच्या धुरात काही टक्के कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, झापड येते, माणूस प्रवासाच्या शिणाला दोष देतो. म्हणून जुनी पेटी बाहेरून वेल्डिंग मारून चालवण्याचा मोह मला तरी पटत नाही. आतलं दिसतच नाही.

तपासणी सोपी आहे. थंड इंजिनात सायलेन्सरच्या तोंडातून व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या बाजूने हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले तिथे गळती. गॅरेजवाल्याने पेटी उतरवलेली असेल, तर एक तोंड बंद करून ती पाण्यात बुडवली की ट्यूबच्या पंक्चरसारखंच कळतं. याशिवाय गाडीत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म हवा. हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका असल्याने सगळीकडे मिसळतो. अलार्म छताला नव्हे, झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर लावावा.

साठ-सत्तरच्या दशकांत अशा व्हॅन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गोव्यापर्यंत येत. काबूलच्या हिवाळ्यात हा हीटर म्हणजे चैन नव्हती. पण त्याची मेख अशी की इंजिन थांबलं की पंखा थांबतो आणि ऊबही. झोपायच्या गाडीत झोपतानाच हीटर बंद! त्यासाठी कंपनी स्वतंत्र ज्वलनकक्ष असलेला पेट्रोल हीटर वेगळ्या पैशांत देत असे. जुन्या गाड्यांत तो सहसा बंदच सापडतो, आणि त्याचे सुटे भाग मिळवणं खर्चिक. मुक्काम हिवरे बाजारला असेल तर त्या भानगडीत पडू नये. नगरच्या बाजारात चांगली घोंगडी त्याहून पुष्कळ स्वस्त मिळते.