कमी किमतीचा अंकीय मल्टिमीटर

कमी किमतीचा अंकीय मल्टिमीटर (बहुमापी) हे विद्युतदाब, विद्युतधारा व रोध मोजणारे, हातात मावणारे उपकरण आहे. शालेय प्रयोगशाळा, छंद म्हणून केली जाणारी जोडणी आणि किरकोळ दुरुस्ती यांत ते सर्रास वापरले जाते. दिष्ट विद्युतदाबाच्या मापनात ते किमतीच्या मानाने बरेच अचूक असते; मात्र काही परिपथांत त्याचे वाचन फसवे ठरते आणि घरगुती वीजपुरवठ्यावर त्याचा चुकीचा वापर धोकादायक असतो.

इतिहास
ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून साकारलेला ‘ॲव्होमीटर’ हा काट्याचा मल्टिमीटर १९२३ मध्ये बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम या एककांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरसिल कंपनीने ‘आयसीएल ७१०६’ ही चिप तयार केली. मापन आणि अंकदर्शन ही दोन्ही कामे एकाच चिपवर होऊ लागल्याने ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे स्वस्त मीटर बनवणे शक्य झाले.

कार्यपद्धती
मोजावयाच्या विद्युतदाबाने ठरावीक काळ एक धारित्र भारित केले जाते. नंतर ज्ञात संदर्भदाबाने ते रिकामे होण्यास लागणारा वेळ मोजला जातो. या वेळेवरून अज्ञात दाब कळतो. अशा मीटरला ‘साडेतीन अंकी’ म्हणतात, कारण पहिल्या स्थानी केवळ १ येऊ शकतो व कमाल वाचन १९९९ असते.

अचूकता
अचूकता बहुधा ‘± (०.५ टक्के + २ अंक)’ अशा स्वरूपात दिलेली असते. २० व्होल्टच्या पट्ट्यात ५.०० व्होल्ट वाचन आल्यास ०.५ टक्के म्हणजे ०.०२५ आणि २ अंक म्हणजे ०.०२, अशी एकूण ०.०४५ व्होल्टची चूक संभवते. बॅटरी उतरल्यास संदर्भदाब घटतो आणि वाचन प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ लागते.

वाचन फसवे ठरण्याची कारणे
अनेक स्वस्त मीटरांचा अंतर्गत रोध १ मेगाओहम, तर अधिक चांगल्या मीटरांचा १० मेगाओहम असतो. १ मेगाओहमचे दोन रोधक एकसरीत जोडून त्यांना १० व्होल्ट दिल्यास प्रत्येकावर ५ व्होल्ट असतात. परंतु १ मेगाओहमचा मीटर एका रोधकाला समांतर जोडताच तेथील दाब ३.३३ व्होल्टपर्यंत खाली येतो. १० मेगाओहमचा मीटर ४.७६ व्होल्ट दाखवतो. येथे मीटर बिघडलेला नसतो. मीटर जोडल्यामुळे परिपथच बदललेला असतो.

धारा मोजताना मीटर एकसरीत येतो व त्याच्यावर थोडा दाब खर्च होतो. प्रत्यावर्ती मापनात स्वस्त मीटर सरासरी मूल्य मोजून ते ज्या-तरंगासाठीच्या गुणकाने वाढवतो. त्यामुळे सममित चौकोनी तरंगाचे वाचन सुमारे ११ टक्के जास्त येते.

सुरक्षितता
भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. लाल तार १० अँपिअरच्या खाचेत राहिली असता मीटर वीजवाहिनीला लावल्यास तो जवळजवळ लघुपरिपथच ठरतो. कित्येक स्वस्त मीटरांत या खाचेला फ्यूज नसतो. साध्या काचेच्या फ्यूजमध्येही मोठ्या धारेने ठिणगीचा झोत टिकून राहू शकतो. मीटरवर छापलेली सुरक्षा श्रेणी त्याच्या आतील रचनेस साजेशी असेलच असे नाही. म्हणून असे मीटर बॅटरीवर चालणाऱ्या कमी दाबाच्या परिपथांपुरते वापरणे श्रेयस्कर असते.

रोध मोजण्यापूर्वी परिपथाचा पुरवठा बंद करून मोठी धारित्रे रिकामी करावी लागतात. दाब किती आहे याचा अंदाज नसल्यास सर्वांत मोठ्या पट्ट्यापासून सुरुवात केली जाते. परिपथात दाब नाही, या वाचनावर विसंबण्यापूर्वी आणि त्यानंतर मीटर एखाद्या ज्ञात स्रोतावर तपासून पाहिला जातो. कारण तुटलेली तारही शून्यच दाखवते.