जो ओरडत नाही, त्याच्याकडे आधी जा



दर अंकात आम्ही आपल्याशी बेणे, खोडवा, पाचट आणि खताच्या मात्रा याविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गाळप हंगाम तोंडावर आला आहे. थोड्याच दिवसांत आपल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्यांची रांग लागेल. रात्रीअपरात्री वाहतूक चालेल. अपघात होऊ नये ही सर्वांचीच इच्छा. पण झालाच, तर पहिल्या दहा मिनिटांत तिथे डॉक्टर नसतो, आपणच असतो. म्हणून हा लेख.

अकलोलीची सकाळ

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, बॉयलर पेटण्याआधीच्या सवडीत, आपले चाळीसभर सभासद वज्रेश्वरीच्या दर्शनाला गेले होते. आम्हीही बरोबर होतो. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातले हे देवस्थान. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला आणि १७३९ साली वसई सर झाली, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे. तिथून जवळच, तानसा नदीच्या काठी अकलोली गाव आहे. तिथली गरम पाण्याची कुंडे प्रसिद्ध आहेत. गुडघेदुखीवाली मंडळी पहाटेच कुंडावर गेली होती.

उजाडायच्या सुमारास रस्त्यावर मोठा आवाज झाला. एका मोटारसायकलीला टेम्पोची धडक बसली होती. गाडीवरचे दोन्ही तरुण कुंडावर आंघोळ करून ओल्या अंगानेच निघालेले. एक जण रस्त्याच्या मधोमध पडून मांडी धरून जिवाच्या आकांताने ओरडत होता. मांडीतून रक्त वाहत होते. आम्ही सात-आठ जण धावलो ते थेट त्याच्याकडे. दुसरा कडेच्या गवतात उताणा पडला होता. अंगावर फारशी जखम दिसत नव्हती. घोरल्यासारखा आवाज येत होता. कोणीतरी म्हणाले, "हा बरा आहे, नुसती भोवळ आलीय. पाणी पाजा."

ते पाणी घेऊन गेलेला तांब्या आमच्याच हातात होता, हे इथे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात आंघोळीला आलेल्या बायकांतून एक बाई धावत आल्या. त्या कुठल्याशा दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांनी आमचा हात झटकला. "पाणी नको! घोरत नाहीये तो, गुदमरतोय. जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. गप्प पडलाय त्याला आधी बघा." त्यांनी एका सभासदाला डोक्याशी बसवून दोन्ही हातांनी डोके सरळ, स्थिर धरायला सांगितले. स्वतः दोन्ही बाजूंनी खालचा जबडा पुढे उचलला. घोरणे थांबले आणि छाती व्यवस्थित वरखाली होऊ लागली. बेशुद्धीत त्याची जीभ मागे पडून वाट बुजली होती, इतकेच! आणखी थोडा वेळ आम्ही तांब्या घेऊन उभे राहिलो असतो, तर तो गेला असता.

ओरडणाऱ्याच्या मांडीवर आपल्या एका सभासदाने धोतराची घडी दाबली होती. पण रक्त थांबले का हे पाहायला तो ती सारखी उचलत होता. सिस्टरनी त्यालाही दम दिला. "उचलू नका. भिजली तर वर दुसरी ठेवा आणि जोर लावा." मग दोघांचे ओले कपडे काढायला लावून आपल्या मंडळींची कोरडी घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली. १०८ ची गाडी आली आणि दोघांना घेऊन गेली. दोघेही वाचले. महिन्याभराने फोन केला तेव्हा गवतातला तो पोरगा स्वतः बोलला.

हे ऐकून आनंद झाला, पण रात्री झोप लागली नाही. कारण त्याआधी दोन वर्षे एका हंगामात, ट्रॉली उलटून जखमी झालेल्या एका मजुराला आम्हीच जीपमध्ये बसते केले होते. मान छातीवर लोंबत होती. "पळवा, पळवा" एवढेच आम्हाला ठाऊक होते. दवाखान्याच्या दारात तो गेलेला होता. तो वाचला असता की नाही, हे सांगता येत नाही. पण त्याचा श्वास चालू आहे का, हे वाटेत कोणीही पाहिले नव्हते.

पाटाचा हिशेब

पाट एकाच वेळी चार जागी फुटला तर आपण काय करतो? जिथे आवाज जास्त तिथे जात नाही. जिथून पाणी सर्वांत वेगाने जातेय ती फूट आधी बुजवतो. अनेक ठिकाणी मार लागलेल्या माणसाचेही तसेच आहे. मोडलेला हात भेसूर दिसतो, पण त्याने माणूस मिनिटांत मरत नाही. श्वासाची वाट बुजली तर मरतो.

हा क्रम डॉक्टरांनाही एका शेतातच सापडला. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १७ फेब्रुवारी १९७६ रोजी जेम्स स्टायनर नावाचे अस्थिशल्यचिकित्सक आपल्या कुटुंबासह लहान विमानातून जाताना शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली. चार मुलांपैकी तिघांना गंभीर मार लागला. दवाखान्यात पोचल्यावर मुलांवर झालेले उपचार पाहून त्यांना वाटले, की याहून बरी काळजी आपण उघड्या रानात घेतली होती. दोष एका डॉक्टरचा नव्हता. क्रम कोणी शिकवलाच नव्हता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धत बसवली. १९७८ साली पहिला वर्ग भरला, १९८० साली अमेरिकेच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने तो स्वीकारला आणि पुढे तो जगभर गेला. सारा रोग कळेपर्यंत थांबायचे नाही. जे आधी मारते ते आधी सावरायचे, हे त्याचे सार.

क्रम असा ध्यानात ठेवावा

१. आधी स्वतः सुरक्षित राहा. येणारी वाहने थांबवा, इंजिन बंद करा. किती जखमी आहेत ते मोजा. ट्रॉलीखाली, उसात, चारीत कोणी पडले आहे का ते पाहा. एकाला १०८ फिरवायला लावा.

२. भळभळणारे रक्त दिसले तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. सोडू नका.

३. श्वासाची वाट पाहा. बोलतो आहे म्हणजे वाट मोकळी आहे. घोरणे, गुरगुरणे ही वाट अडल्याची खूण. मान न वाकवता जबडा पुढे उचला. उलटी झाली तर तिघा-चौघांनी डोके, खांदे, कंबर एका रेषेत धरून ओंडक्यासारखे कुशीवर वळवा.

४. छाती पाहा. दोन्ही बाजू सारख्या हलतात का? श्वास जलद, धापेचा असेल तर १०८ च्या डॉक्टरला तेच पहिल्यांदा सांगा.

५. आतले रक्त ओळखा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर त्यातले एक-दीड लिटर बाहेर थेंबही न दिसता आत साठू शकते. छाती, पोट आणि कंबरेचा खुबा याही लपायच्या जागा. अंग गार, घामेजलेले, फिकट, नाडी जलद, माणूस अस्वस्थ, असे दिसले तर घाई करा.

६. शुद्ध पाहा. स्वतःहून बोलतो का, हाकेला ओ देतो का, चिमट्याला हलतो का, की काहीच नाही? दर पाच मिनिटांनी पाहून लक्षात ठेवा.

७. ओले कपडे काढा, पाठपोट पाहा, लगेच झाका. अंग गारठले की रक्त नीट गोठत नाही.

पाणी, चहा, काही पाजू नये. आग किंवा वाहनाचा धोका नसेल तर ओढून हलवू नये. हलवणे भागच पडले तर रुंद फळीवर, डोके धरून. श्वास पूर्ण थांबला तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा.

पुढे दवाखान्यात डॉक्टर हाच क्रम धरतात: गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी, छातीत साठलेली हवा बाहेर काढणे, खुब्याला पट्टा, रक्त चढवणे. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे साधे, स्वस्त औषध पहिल्या तीन तासांतच उपयोगी पडते, हे वीस हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे वेळ वाया घालवून चालत नाही.

पोलिसांची भीती नको

"केसमध्ये कोण अडकणार?" म्हणून लोक पुढे येत नाहीत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घातले गेले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. रस्ता अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजनाही २०२५ पासून आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून चालू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

आमची विनंती एवढीच. प्रत्येक ट्रॅक्टरवर दोन स्वच्छ पंचे, एक कोरडे घोंगडे आणि बॅटरी ठेवा. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा. तो पाचटाखाली झाकू देऊ नका. ड्रायव्हर, मुकादम आणि तोडणीच्या टोळीतल्या बायामाणसांनाही वरचे सात मुद्दे वाचून दाखवा. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हातात हे पत्रक पडणार नाही, पण अपघाताच्या जागी सर्वांत आधी तेच असतात.

उसाचे टनेज पुढल्या साली भरून काढता येते. माणूस गेला तर त्याचा खोडवा येत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी