वापरलेल्या वस्तूंवरील ग्राहकहक्क
भारतातील ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मोबदला देऊन वस्तू विकत घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही 'ग्राहक' ठरते. त्यामुळे वडिलांनी घेतलेला मोबाइल वापरणाऱ्या मुलीलाही दोषाबद्दल तक्रार करता येते. तोच मोबाइल पुढे विकत घेणाऱ्याची बाजू मात्र दुबळी असते. उत्पादकाची वॉरंटी तिच्या अटींनी बांधलेली असून ती कित्येकदा मूळ खरेदीदारापुरतीच असते. जुन्या वस्तूच्या व्यवहारात मूळ पावती व वॉरंटी कार्ड मागून घ्यावे ते याचसाठी. सदोष बॅटरीचा स्फोट होऊन इजा झाल्यास 'उत्पादन दायित्वा'च्या तरतुदींखाली उत्पादकाकडे भरपाई मागता येते. मोबाइलचे स्वतःचे नुकसान मात्र त्यात धरले जात नाही. तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे.