ओट्याआधी वाफा आखा
वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावसारख्या काळ्या मातीच्या गावात ओट्यालगतचा बांधीव वाफा फरशी बसवण्याआधीच नकाशात हवा. ही माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. वाफ्यातले जादा पाणी पायापासून दूर नेणारी नळी नंतर घालायची तर फरशी फोडावी लागते. अंगणातले तुळशी वृंदावन हा बांधीव वाफ्याचा आपला जुनाच नमुना.

कुंड्या हलवता येतात, मग हा खर्च कशाला? पण वर्ध्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा कुंडीतली मुळे चहूबाजूंनी तापतात. मोठ्या वाफ्यातली माती उशिरा तापते, ओल टिकवते. भिंतीत ओल येण्याची भीती मात्र रास्त आहे. म्हणून वाफा भिंतीपासून सुटाच बांधावा. गच्चीवर तर आधी अभियंत्याला विचारावेच: घनमीटरभर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते.