खडकातले सूक्ष्मजीव बाहेर काढताना

सूक्ष्मजीवाश्म म्हणजे ज्यांचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाखालीच करावा लागतो असे जीवाश्म. त्यांत समुद्रातल्या एकपेशीय फोरॅमिनिफेरांची कवचे येतात, तसेच डायाटम, रेडिओलॅरिया, ऑस्ट्राकोड, वनस्पतींचे परागकण आणि बीजाणूही येतात. चमचाभर सागरी गाळात अशी हजारो कवचे असू शकतात. विंधनविहिरीतून वर आलेल्या मूठभर चुऱ्यात डायनोसॉरचे हाड सापडण्याची आशा नसते, पण फोरॅमिनिफेरा बहुधा सापडतात. तेलशोधाच्या उद्योगाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या शास्त्राला हात दिला, तो यामुळेच.

कोणती पद्धत वापरायची हे जीवाश्म कशाचा बनला आहे यावर ठरते. फोरॅमिनिफेरा आणि ऑस्ट्राकोड यांची कवचे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटची असतात. डायाटम आणि रेडिओलॅरिया सिलिकेचे असतात. परागकणांचे बाह्यावरण स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट सेंद्रिय द्रव्याचे असते, तर कोनोडोंट या दातासारख्या अवयवांचे जीवाश्म फॉस्फेटचे. म्हणून एका गटाला खडकातून सोडवणारे रसायन दुसऱ्या गटाला विरघळवून टाकते. परागकण मिळवण्यासाठी आम्लात टाकलेल्या तुकड्यातून फोरॅमिनिफेरा पुन्हा मिळणार नाहीत. त्यामुळे नमुना आधीच वाटून घेतात आणि एक भाग हात न लावता जपून ठेवतात.

शेल किंवा चिकणमातीसारख्या मऊ खडकातून फोरॅमिनिफेरा काढणे त्यातल्या त्यात सोपे. नमुन्याचे बारीक तुकडे करून ते वाळवतात आणि पाण्यात किंवा सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत घालतात. फेस येतो, सेंद्रिय द्रव्य जळते आणि माती सुटी होते. हट्टी शेल असेल तर वाळवलेला नमुना आधी रॉकेलमध्ये मुरवतात आणि मग त्यावर पाणी घालतात. पाणी रॉकेलची जागा घेते तसा खडक विसविशीत होतो. इथे घाई नडते, तसा आळसही नडतो. नमुन्यात पायराइट असेल, तर पेरॉक्साइडमुळे आम्ल तयार होऊन जे मिळवायचे तीच कवचे झिजतात.

नंतर हा लगदा 63 मायक्रॉन छिद्रांच्या चाळणीवर, पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतात. माती खाली वाहून जाते आणि वाळूच्या आकाराचे कण वर उरतात. आधीच्या नमुन्यातले एखादे कवच जाळीत अडकून राहिले, तर पुढच्या खडकाचे वय लाखो वर्षांनी चुकू शकते. म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलिन ब्ल्यूच्या द्रावणात बुडवतात. अडकलेले कवच निळे होते आणि पुढच्या नमुन्यात दिसले तर लगेच उपरे म्हणून ओळखू येते. युक्ती स्वस्त आहे, पण तिने वाचवलेले निष्कर्ष मोलाचे आहेत.

वाळलेला अवशेष चौकटी आखलेल्या काळ्या तबकात पसरतात. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली, अगदी बारीक ओलसर कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून खाचेच्या स्लाइडवर डिंकाने चिकटवतात. डिंक पाण्यात विरघळणारा हवा, म्हणजे कवच पुन्हा सोडवून उलटून पाहता येते. मोजणी करायची असेल तर आधी नमुना विभाजकाने सारखा वाटून साधारण 300 कवचे उचलतात. फक्त देखणी आणि अखंड कवचे निवडण्याचा मोह टाळावा लागतो. तसे केले तर आकडे खोटे पडतात.

कोनोडोंट हे ईलसारख्या, जबडा नसलेल्या प्राण्यांचे दातासारखे अवयव. ख्रिश्चन पांडर यांनी 1856 मध्ये त्यांचे वर्णन केले, पण तो प्राणी कसा दिसत होता हे एडिंबरोजवळच्या खडकात मऊ शरीराचे ठसे ओळखले गेल्यावर, 1980च्या दशकात कळले. चुनखडक सुमारे 10 टक्के ॲसेटिक किंवा फॉर्मिक आम्लात ठेवला की चुना विरघळतो आणि फॉस्फेट उरते. किलोभर दगड विरघळवून हाती मोजकेच दाणे लागतात, तेही नंतर जड द्रवात बुडवून हलक्या कणांपासून वेगळे करावे लागतात. कोनोडोंटचा रंग तापमानाबरोबर फिकट पिवळ्यापासून काळ्याकडे सरकतो. त्यामुळे तो खडक जमिनीत किती तापला होता याचा अंदाज येतो, आणि तेल शोधणाऱ्यांना नेमकी हीच माहिती हवी असते.

परागकणांची प्रयोगशाळा सर्वांत धोकादायक. प्रथम हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढून टाकतात. तो राहिला, तर पुढच्या पायरीत कॅल्शियम फ्लोराइडचा न विरघळणारा साका बसून सगळा नमुना वाया जातो. मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिकेटे विरघळवतात. हे आम्ल काच खाते, म्हणून भांडी प्लॅस्टिकची. ते त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत पोहोचते आणि वेदना कधी कधी उशिरा जाणवते. त्यामुळे धूरकपाट, जाड हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम यांच्याशिवाय बाटलीला हात लावत नाहीत. नमुन्यात ठरावीक संख्येच्या लायकोपोडियम बीजाणूंची गोळी आधीच टाकलेली असते. शेवटी हे पाहुणे बीजाणू किती दिसले यावरून ग्रॅमभर गाळात मूळ परागकण किती होते, ते त्रैराशिकाने काढता येते.

नॅनोजीवाश्मांसाठी, म्हणजे अगदी बारीक सूक्ष्मजीवाश्मांसाठी, याच्या निम्माही खटाटोप नसतो. दातकोरणीने कणभर गाळ थेंबभर पाण्यात काचेवर फासायचा, वाळवायचा आणि ध्रुवित प्रकाशात हजारपट मोठा करून पाहायचा. उलट कच्छमधल्या नुम्युलाइट्ससारखी मोठी फोरॅमिनिफेरा कठीण चुनखडकात घट्ट बसलेली असतील, तर तो खडक 0.03 मिलिमीटर जाडीपर्यंत घासून पातळ काप करावा लागतो. काप कवचाच्या नेमक्या मध्यातून गेला नाही, तर आतल्या कप्प्यांची रचना दिसत नाही आणि जात ओळखता येत नाही.

तयार नमुन्यावरचे काम आता बरेच पुढे गेले आहे. सोन्याचा पातळ थर दिलेले कवच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की साध्या भिंगाला न दिसणारी छिद्रे आणि काटे स्पष्ट होतात. चेझारे एमिलियानी यांनी 1955 मध्ये कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून प्राचीन समुद्राच्या तापमानाचा आलेख मांडला. या समस्थानिकांच्या प्रमाणात बर्फाच्या साठ्याचाही वाटा असतो, हे पुढे स्पष्ट झाले. अशा मापनासाठी एकाच जातीची, ठरावीक आकाराची, स्वच्छ धुतलेली कवचेच घेतात. अरबी समुद्रात ग्लोबिजेरिना बुलॉइड्स ही जात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खोलातले थंड पाणी वर येते तिथे वाढते. म्हणून तिच्या प्रमाणावरून जुन्या काळच्या मोसमी वाऱ्यांचा जोर ताडतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत फोरॅमिनिफेरांवर दीर्घकाळ काम झाले आहे.

अर्थ लावताना एक सावधगिरी नेहमीची आहे. जुन्या थरांतली कवचे झिजून नव्या गाळात येऊन बसतात. तेलविहिरीत उलटे घडते: वरच्या थरातले कण खाली ढासळतात. त्यामुळे चुऱ्यावर काम करणारा अभ्यासक, वरून खाली जाताना एखादी जात प्रथम कुठे दिसली यावर भिस्त ठेवतो; ती शेवटी कुठे दिसली यावर नाही.

नमुन्यावरची चिठ्ठीसुद्धा पद्धतीचाच भाग आहे. ऑस्ट्रेलियाचे पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी 1989 मध्ये दाखवून दिले की, एका भारतीय प्राध्यापकाने हिमालयातले म्हणून छापलेले कोनोडोंट प्रत्यक्षात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठच्या प्रसिद्ध नमुन्यांशी हुबेहूब जुळणारे होते. हिमालयाच्या भूविज्ञानातले कितीतरी निबंध त्यानंतर संशयाच्या छायेत आले. म्हणूनच स्लाइडवर ठिकाण, थर, खोली आणि नमुना क्रमांक लिहिलेला असतो, आणि नव्या जातीचा मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तो काढून पुन्हा तपासता येतो.