गाठ नेमकी कुठे आहे?

पिशोरहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात निघालेल्या बाईच्या चिठ्ठीवर फक्त ‘स्तनात गाठ’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती माहिती अपुरी आहे. कोणत्या स्तनात? कोणत्या भागात?

स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी आणि स्तनाग्र म्हणजे तिचा मध्य, असे डॉक्टर मानतात. उभी-आडवी रेघ मारली की चार भाग होतात. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, स्तनाच्या कर्करोगाचा संकेतांक ‘सी ५०’ आहे. पुढचा आकडा जागा सांगतो. आतला वरचा भाग ५०.२, आतला खालचा ५०.३, बाहेरचा वरचा ५०.४, बाहेरचा खालचा ५०.५. गाठ दोन भागांवर पसरली असेल तर ५०.८. जागा लिहिलेलीच नसेल तर ५०.९. सर्वाधिक कर्करोग काखेकडच्या वरच्या भागात आढळतात, कारण दूधग्रंथींचे प्रमाण तिथेच जास्त असते.

या संकेतांकात डावे-उजवे नसते, म्हणून बाजू अक्षरात लिहावी लागते. समोरून तपासताना डाव्या स्तनात ‘दोन वाजता’ असलेली गाठ काखेकडे असते, तर उजव्या स्तनात ‘दोन वाजता’ असलेली छातीच्या मध्याकडे. बाजू चुकली की सगळेच चुकते.

हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी दिल्यास गाठ कधी कधी हाताला लागेनाशी होते. मग कुठे कापायचे, हे आधीची नोंद आणि गाठीत बसवलेली खूण यांवरूनच ठरते. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून चालणाऱ्या कर्करोग नोंदणीचा आधारही असेच कागद असतात.

मात्र प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते; बहुतेक साध्याच असतात. बायोप्सीचा अहवाल येईपर्यंत ‘सी ५०’ लिहू नये. तोवर ती फक्त ‘स्तनातील गाठ’, संकेतांक ‘एन ६३’.

बायांनो, गाठ लागली तर आरशात पाहून घड्याळ लावू नका. आरशात बाजू उलटते. साध्या शब्दांत सांगा: डावा की उजवा, वर की खाली, काखेकडे की मध्याकडे. चिठ्ठीवर तसे लिहिले आहे ना, हे दवाखान्यातून निघण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर डॉक्टरांकडून वाचून घ्या. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सीच्या अहवालांवर एकच बाजू आहे का, तेही पाहा. फरक दिसला तर न लाजता विचारा. तो तुमचा हक्क आहे.