जळगावच्या तालमीतला गंधर्व

सावद्याची केळी रेल्वेने थेट दिल्लीच्या बाजारात उतरतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मराठी संगीत नाटकाची सर्वांत लाडकी नायिका ज्या गळ्यातून गायली, त्या गळ्याची पहिली मशागतही याच जळगाव जिल्ह्यात झाली, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. युरोपात ऑपेराच्या नायिकेला, म्हणजे सोप्रानो गायिकेला, जे स्थान असते, ते आपल्या रंगभूमीवर नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी मिळवले. त्यांच्या ऐन वैभवाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या चढत्या काळाबद्दल लिहायचे आहे, कारण त्याची सुरुवात खानदेशात आहे.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८चा. राजहंस घराणे सांगलीकडच्या नागठाण्याचे. पोराच्या गळ्यातली गोडी घरच्यांच्या ध्यानात लवकर आली. जळगावला आबा म्हाळस हे नातलग होते. त्यांच्या आश्रयाने नारायण जळगावात राहिला आणि मेहबूब खाँ यांच्याकडे गाणे शिकू लागला. संगीत विद्यालये गावोगाव निघण्याच्या आधीचे ते दिवस. ब्राह्मण घरातला मुलगा मुसलमान उस्तादापुढे बसून सूर लावतो, आणि घरचे त्याला तसे बसू देतात, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. लोकमान्य टिळकांनी पुण्यात या पोराचे गाणे ऐकले आणि त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, अशी हकीकत नाट्यसृष्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पदवी लोकमान्यांची, पण तिच्यामागे जळगावची तालीमही होती.

नायिकेची रिकामी जागा

अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहिले आणि त्यातून स्फूर्ती घेऊन ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभे केले. तेव्हा स्त्रियांची कामे पुरुषच करीत. किर्लोस्कर नाटक मंडळीत ती परंपरा भाऊराव कोल्हटकरांनी गाजवली. १९०१मध्ये भाऊराव गेले आणि मंडळी पोरकी झाली. नव्या नायिकेचा शोध १९०५मध्ये नारायणरावांपाशी थांबला. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा मोठा वाटा. पोराला ऐकू कमी येते, हे कळताच महाराजांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्याच्यावर उपचार करवले. मिरजेतच नारायणराव शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले.

स्त्रीपार्टी नटाला सर्वांत मोठी धास्ती आवाज फुटण्याची. पोरवयातला बारीक, टोकदार सूर गेला की अनेकांची कामे संपत. नारायणराव त्या वळणावर टिकले, कारण त्यांचे गाणे नुसत्या कोवळेपणावर उभे नव्हते. भास्करबुवा बखल्यांनी त्यांना घडवले. बुवांनी स्वतः ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची विद्या घेतलेली. तरीही नारायणरावांच्या पदात रागाचा फापटपसारा कधी झाला नाही. शब्द स्वच्छ लागायचा, छोटीशी तान भावाच्या पोटातून निघायची आणि समेवर अलगद उतरायची. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत. तेच पद पुन्हा सुरू होई आणि दर वेळी त्याची वळणे निराळी निघत.

भामिनी ते रुक्मिणी

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग लागला. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द करा, असे कोणीही म्हणाले असते तरी त्याला नाव ठेवता आले नसते. नारायणरावांनी तोंडाला रंग लावला आणि नायिका भामिनी उभी केली. या निष्ठेचे कौतुक करताना तिची किंमतही लक्षात ठेवावी. ती एका बापाने मोजली होती.

१९१३मध्ये गणपतराव बोडस आणि टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवांनी यमन, बिहाग असे राग रुक्मिणीच्या तोंडी घातले आणि मैफलीतले गाणे साध्या प्रेक्षकाच्या ओठांवर आले. १९१९मध्ये ‘एकच प्याला’तली सिंधू आली. नारायणरावांची नेसण, त्यांचा अंबाडा, गजरा माळण्याची रीत घराघरांतल्या बायका उचलू लागल्या. ८ जुलै १९२१ रोजी गायक-नट केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झाले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. ज्या टिळकांचे नाव त्यांच्या पदवीशी जोडलेले, त्यांच्याच नावाच्या फंडाला हे गाणे कामी आले.

पुढे उधळा खर्च, कर्ज आणि बोलपट यांनी वैभव ओसरले. १९६४मध्ये पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ला ते गेले. जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही होतो. खानदेशाने आपले ऋण काही अंशी फेडले आहे.

गळा ऐकणारे कान

सुरुवातीला ऑपेराच्या सोप्रानोचा उल्लेख केला, तशी एक गायिका आपल्याकडचीही आहे. मुंबईत १९६० साली जन्मलेल्या, गोव्याचे मूळ असलेल्या पॅट्रिशिया रोझारियो पुढे जगभर नावाजलेल्या सोप्रानो झाल्या. इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी अनेक रचना केल्या. पण या गाण्याच्या शिक्षणासाठी त्यांना लंडनच्या गिल्डहॉलला जावे लागले. म्हणूनच त्यांनी २००९मध्ये पियानोवादक पती मार्क ट्रूप यांच्यासह भारतातल्या तरुण गायकांना शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. काळ वेगळा, संगीत वेगळे, पण गरज एकच. गळा उपजत असतो, त्याला ओळखणारे आणि शिकवणारे माणूस जवळ असावे लागते.

नारायणाला आबा म्हाळस, मेहबूब खाँ, शाहू महाराज, भास्करबुवा असे एकामागून एक भेटत गेले. यांतला एक जरी दुवा निखळला असता, तर मराठी रंगभूमीला हा गंधर्व मिळाला नसता, असे माझे ठाम मत आहे. सावदा, फैजपूर, रावेरच्या हरिनाम सप्ताहांमध्ये आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये आजही एखादे पोर असे गाते की मंडप गप्प होतो. टाळ्या देऊन तिथेच थांबू नका. त्या पोराच्या आईबापांना भेटा, त्याच्यासाठी चांगला गुरू शोधा आणि पहिल्या वर्षाची फी गावाच्या वतीने भरा.